सात नंबरचा क्लॅम्प

परवा रात्रपाळीला वेल्ड शॉपमधला एक सेल, म्हणजे जाळीच्या आतलं रोबोचं वेल्डिंग ठाणं, 38 मिनिटं बंद पडला आणि रजिस्टरात ती सगळी मिनिटं 'इलेक्ट्रिकल'च्या रकान्यात गेली. इलेक्ट्रिकल म्हणजे मी. कर्ज एकाने काढावं आणि हप्ते दुसऱ्याच्या पासबुकातून जावेत, तसं हे. बँकेत निदान तक्रारीची खिडकी तरी असते.

फोन नेहमीचाच. "साहेब, प्रोग्रॅम उडालाय." चाकणच्या पट्ट्यात हवेचा पाइप फुटो, बोल्ट तुटो, पार्ट उलटा लागो, उडतो तो प्रोग्रॅमच. पीएलसी म्हणजे सेल चालवणारा औद्योगिक संगणक; त्यातला प्रोग्रॅम म्हणजे यांना ओट्यावर उघडं राहिलेलं दूध वाटतं, मांजर आलं की संपलं. तो खरंच गेला असता तर पीएलसीने लाल दिवा लावून अख्खा सेल मुका केला असता. इथे स्क्रीनवर स्वच्छ लिहिलं होतं, 'क्लॅम्प 7 बंद नाही', म्हणजे पत्रा धरून ठेवणारा सात नंबरचा चिमटा मिटलेला नाही. तो मेसेज मीच टाकलेला. तो वाचायचाही असतो, हे लिहायला जागा उरली नव्हती.

सेलमध्ये शिरायचं तर दरवाज्यावरचं बटण दाबून परवानगी मागायची, लॉक सुटलं की तिथे स्वतःचं कुलूप अडकवायचं आणि किल्ली खिशात घालायची. मग जाळीच्या आत मी आणि बाहेर सुपरवायझर दादा. पेशवे पार्कातली जुनी मांडणी. लाईनचा वेग मिनिटाला एक गाडी, आणि दादांचा छंद बुडालेल्या गाड्या मोठ्याने मोजण्याचा.

"काय झालंय?"

"क्लॅम्प बंद झाल्याचा सिग्नल येत नाहीये."

"पण बंद आहे की! मला इथून दिसतोय."

"तुम्हाला दिसतोय. सेन्सरला दिसत नाहीये."

"मग सांगा ना त्याला, मी बघतोय म्हणून. सहा गेल्या."

"दादा, पाच मिनिटं द्या."

"काल तर मस्त चालत होता. तुम्ही आलात आणि हे सुरू झालं."

"बंद पडला म्हणून मी आलो."

"तेच म्हणतोय मी. अकरा."

मग तो ठेवणीतला बाण. "एक वायर टाकून बायपास करा की. मागचे साहेब दोन मिनिटांत करायचे." हे मागचे साहेब प्रत्येक कारखान्यात होऊन गेलेले असतात. त्यांना कधी सेन्सर लागला नाही, नकाशा लागला नाही, नुसत्या पक्कडीवर त्यांनी गाड्या काढल्या. त्यांच्या बायपासच्या वायरी मी अजून पॅनेलमधून उपटतो आहे. 24 व्होल्ट थेट इनपुटवर दिले की पीएलसीला क्लॅम्प कायमचा बंद वाटतो. मग एखाद्या दिवशी तो खरोखर उघडा राहतो, आणि दोन-अडीचशे किलोच्या दाबाने पत्रा पकडणारी रोबोची वेल्डगन आपल्या वाटेने येऊन त्याच्यावर आदळते. त्या दिवशी मागचे साहेब दुसऱ्या कंपनीत असतात.

खरं तर हा पीएलसी निघाला तोच लोकांच्या सोयीसाठी, म्हणजे सुपरवायझरांच्या नव्हे, वायरमनच्या. 1968 साली अमेरिकेत जनरल मोटर्सच्या हायड्रामॅटिक विभागाला रिलेंच्या, म्हणजे विजेवर चालणाऱ्या स्विचांच्या, पॅनेलचा वीट आला होता. मॉडेल बदललं की सगळं वायरिंग नव्याने करायचं. त्यातून मोडिकॉन 084 हा पीएलसी जन्माला आला. तो बेडफर्ड असोसिएट्स या कंपनीचा 84वा प्रकल्प, म्हणून हा आकडा. त्याच्या प्रोग्रॅमची लॅडर ही भाषा मुद्दाम रिलेच्या नकाशासारखी ठेवली, वायरमनला नवं शिकावं लागू नये म्हणून. वायरमनची इतकी काळजी घेणाऱ्यांनी जाळीबाहेर उभ्या राहणाऱ्यांची काहीच सोय लावली नाही, याचं मला वाईट वाटतं.

असो. क्लॅम्पचा सेन्सर म्हणजे समोर लोखंड आलं की सिग्नल देणारा. त्याच्यावर हिरवा दिवा होता, पिवळा नव्हता. म्हणजे सप्लाय आहे, समोर लोखंड नाही. स्क्रूड्रायव्हरचं टोक तोंडाशी धरलं, पिवळा लागला आणि स्क्रीनवर इनपुटही आला. एवढ्यात सेन्सर, केबल आणि पीएलसीचं इनपुट कार्ड तिघेही संशयातून सुटले. तोंडावर वेल्डिंगचे तुषार चिकटलेले असते तर उलटं झालं असतं, पिवळा दिवा विझलाच नसता. फट मोजायच्या पट्ट्या, म्हणजे फीलर गेज, घातला, फट 1.8 मिलिमीटर. सेन्सरचा पल्ला 2 मिलिमीटरचा आहे, पण भरवसा त्याच्या 81 टक्क्यांचाच धरायचा, म्हणजे 1.6. तेवढ्या पलीकडे तो मूड असेल तर पकडतो.

फट वाढली कशी? ब्रॅकेट वाकलं होतं. का वाकलं, ते ब्रॅकेटवरच लिहिलं होतं: सेफ्टी शूजच्या तळव्याचा सुबक ठसा, नऊ नंबर असावा. लांबचा पार्ट लावायला कुणीतरी त्याची पायरी केली होती.

"दादा, हा बघा बूट."

दादांनी जाळीला नाक लावून नीट पाहिलं. "बूट तर सगळ्यांनाच कंपनी देते," ते म्हणाले. "एकतीस."

ब्रॅकेट सरळ करून, फट 1 मिलिमीटरवर आणून, दोन्ही स्क्रू आवळून, वर मार्करची रेघ ओढून बाहेर आलो. सेल सुरू झाला. दादांनी समाधानाने मान हलवली. "बघा, प्रोग्रॅमच होता."

सकाळी व्हाय-व्हाय, म्हणजे पाचदा 'का' विचारून मूळ कारण शोधायचा तक्ता, भरायला बसवलं. सेल का थांबला? सिग्नल नव्हता. का नव्हता? फट वाढली. का वाढली? ब्रॅकेट वाकलं. का वाकलं? पाय पडला. इथे मला वाटलं, आता बूट सापडणार. पाचव्या रकान्यात दादांच्या वळणदार अक्षरात लिहिलेलं होतं: 'ब्रॅकेट पाय पडेल अशा जागी बसवलं.' जबाबदारी, इलेक्ट्रिकल. उपायाची मुदत शुक्रवार.