शेवटच्या मॅचला टीम हरू द्या

खेळावरचा विनोदी सिनेमा चालतो की पडतो, हे माझ्या मते शेवटच्या वीस मिनिटांत ठरतं. दीड तास ज्या टीमच्या वेंधळेपणावर आपण पोट धरून हसलो, तीच टीम फायनलला अचानक चॅम्पियनसारखी खेळायला लागली की आधीचं हसूच खोटं वाटायला लागतं. मग हे इतका वेळ नाटक करत होते का?

१९९३ चा ‘कूल रनिंग्ज’ आठवा. बर्फ न पाहिलेली जमैकाची पोरं बॉबस्लेड, म्हणजे बर्फावरून घसरवायची शर्यतीची गाडी, घेऊन हिवाळी ऑलिम्पिकला जातात. १९८८ ला कॅल्गरीत हे खरंच घडलं होतं. सिनेमाने त्यात बरंच पदरचं घातलंय. इतर देशांचे खेळाडू त्यांचा पाणउतारा करतात असं दाखवलंय, प्रत्यक्षात त्यांनी मदत केली होती. हा बदल मला अजिबात आवडत नाही, तो त्या खेळाडूंवर अन्याय आहे. पण शेवटाला मात्र हात लावला नाही. स्लेड उलटते आणि शर्यत तिथेच संपते. खऱ्या शर्यतीत चौघे उठून स्लेडसोबत चालत फिनिश लाइनपर्यंत गेले होते, सिनेमात ते ती खांद्यावर घेतात. एवढी सूट मी आनंदाने देईन. कारण मेडल मिळवून दिलं असतं तर थंडीत कुडकुडण्याचे, बर्फावर घसरण्याचे ते सगळे प्रसंग फुकट गेले असते.

‘दिल बोले हडिप्पा’ (२००९) इथेच फसला. राणी मुखर्जी दाढी चिकटवून, पगडी बांधून पुरुषांच्या टीममध्ये खेळते. कल्पना झकास, राणीही जीव ओतून काम करते. पण शेवटी भाषण, टाळ्या आणि विजय. ती दाढी म्हणजे विनोदाची खाण होती, तिचं शेवटी प्रवचन करून टाकलं.

‘शाओलिन सॉकर’मध्ये टीम जिंकते आणि तरी धमाल येते, हे खरं. पण तिथे बॉलला आग लागते, किक मारली की वादळ उठतं. दिग्दर्शक स्टीफन चाऊने पहिल्यापासून अचाटच दाखवलंय, त्यामुळे विजयही त्याच हिशोबात बसतो.

सगळ्यात जास्त जीव जडला तो ‘सितारे जमीन पर’वर. मूळ स्पॅनिश ‘कॅम्पिओनेस’ (२०१८), ज्याला सर्वोत्कृष्ट चित्रपटाचा गोया पुरस्कार मिळाला. आमिर खानच्या या सिनेमातली टीम बास्केटबॉलची फायनल हरते. कोच खचलेला, आणि पोरं दुसरा नंबर आला म्हणून जिंकणाऱ्यांनाच मिठ्या मारतायत. थिएटरात आजूबाजूची माणसं एकाच वेळी हसत आणि डोळे पुसत होती. बौद्धिक अक्षमता असलेल्या मुलांवर हसायचं नाही, त्यांच्याबरोबर हसायचं, हे दहा नव्या कलाकारांनी सहज करून दाखवलं. आमिरचे काही प्रसंग लांबलेत, पण ते चालतं.

आता आपल्याकडे या. मराठीत असा सिनेमा का निघत नाही? कोकणातल्या टेनिस बॉलच्या टुर्नामेंटमध्ये केवढा ऐवज पडलाय! मुंबईहून रात्रीच्या गाडीने आलेले चाकरमानी सकाळी डोळे चोळत ओपनिंगला उतरतात. बॉल कुंपणापलीकडच्या कलमांत गेला की सगळी फिल्डिंग शोधायला. अंपायर कुणाचा तरी मेव्हणा, म्हणून दर वाइडला वाद. आणि मांडवात माइक धरून बसलेला कॉमेंट्रेटर! बॅट्समन कुणाचा कोण, त्याचं लग्न का जमत नाही, हे तो दोन बॉलच्या मध्ये अख्ख्या वाडीला सांगून मोकळा होतो.

कुणी हे लिहायला घेतलंच तर त्या भूमिकेसाठी शहरातून स्टार आणू नका. दर सीझनला माइक धरणारी माणसं तिथेच आहेत, त्यांनाच कॅमेऱ्यापुढे बसवा.