मोक्षार्थी पाहुण्यांसाठी काही सूचना

दूरदेशीहून आत्मशोधासाठी भारतात येऊ घातलेल्या समस्त साधकांना सादर नमस्कार. आपण येताय हे ऐकून फार बरं वाटलं. आम्ही इथेच राहतो, त्यामुळे आत्मा वगैरे शोधायला आम्हाला सवड होत नाही. पाण्याच्या टँकरपासून पोरांच्या अ‍ॅडमिशनपर्यंत रोज काहीतरी असतंच. तेव्हा आमच्या वाटणीचाही आपणच शोधून ठेवावा. मी मार्गशीर्षात चार दिवस काशीला होतो. माझं काम वेगळं होतं, पण आपल्यापैकी पुष्कळांचं दर्शन अगदी जवळून, हातभर अंतरावरून घडलं. त्या अधिकारात चार शब्द.

आधी व्हिसा. ई-टुरिस्ट व्हिसा तीस दिवसांचा मिळतो, एक वर्षाचा मिळतो, पाच वर्षांचाही मिळतो. येण्याचं कारण विचारतात तिथे 'मोक्ष' असा पर्याय नाही, पण थोड्या दिवसांचा योगवर्ग चालतो. आपण तीस दिवसांचाच घ्यावा. घर सोडल्यापासून बोधगयेच्या पिंपळापर्यंत पोचायला बुद्धाला सहा वर्षं लागली, पण त्याने परतीचं तिकीट काढलेलं नव्हतं.

हत्तींची नक्षी असलेली ढगळ विजार घालूनच विमानातून उतरावं. ही विजार इथे कोणीही घालत नाही, त्यामुळे रिक्षावाल्याला आपण लांबूनच ओळखू येता आणि त्याचा वेळ वाचतो. गळ्यात रुद्राक्षाची माळ हवी, शक्यतो हिमालयातल्या साधूने स्वतःच्या गळ्यातून काढून दिलेली. बाजारातले बारीक मणी बहुतेक इंडोनेशियातून येतात, पण ते साधूलाही ठाऊक नसतं, जाऊ द्या. पोटरीवर गणपती गोंदवून आलात तर दुधात साखर. आमच्याकडे देवाच्या तसबिरीला चुकून पाय लागला तर आम्ही चटकन हात लावून कपाळाला नेतो. आपण देवच पायावर वागवता, म्हणजे आमच्या चार पायऱ्या पुढे आहात.

नाव बदलून घ्या. शांती, आनंद, प्रेम, काहीही चालेल. आमच्याकडची पोरं कॉल सेंटरात रात्रपाळीला जाताना शांतारामाचा सॅम करून बसायची. फिटंफाट झाली.

पोट बिघडेल. त्याला 'शुद्धी' म्हणा आणि ओआरएस प्या.

योग शिकायचा तर ऋषिकेश. दोनशे तासांचा कोर्स असतो, महिन्याभरात उरकतो, आणि सर्टिफिकेट शिकल्याचं नव्हे तर शिकवण्याचं मिळतं. आमच्या चाळीतल्या जोशीकाकूंनी पोळीला फुगा आणायला याहून जास्त दिवस घेतले होते. लोणावळ्याला कैवल्यधाम आहे, १९२४ पासून. पुण्यात अय्यंगारांची संस्था आहे, १९७५ पासून. तिकडे फिरकू नका. तिथे गुडघा कुठे न्यायचा आणि कुठे न्यायचा नाही एवढ्यावरच दिवस काढतात, मागे सूर्यास्तही नसतो. ऋषिकेशला मात्र बीटल्सची परंपरा आहे. १९६८ च्या फेब्रुवारीत महर्षी महेश योगींच्या आश्रमात ते चौघे आले होते. त्यातला रिंगो स्टार इथलं खाणं झेपणार नाही म्हणून बेक्ड बीन्सचे डबे बरोबर घेऊन आला आणि सुमारे दहा दिवसांत घरी गेला. मला त्या चौघांत तोच सरळ माणूस वाटतो. नाही झेपत, निघतो. काही सापडल्याचं सोंग नाही.

विपश्यनेला चुकूनही जाऊ नका. इगतपुरीला शिबिर दहा दिवसांचं. पहाटे चारला घंटा, बोलायचं नाही, फी घेत नाहीत, आणि मुख्य म्हणजे आल्या आल्या मोबाइल काढून घेतात. दहा दिवस मौन पाळलंत हे मग लोकांना कळणार कसं?

काशीविश्वनाथाचंही तेच. आमच्या अहिल्याबाईंनी १७८० च्या सुमारास ते देऊळ पुन्हा उभं केलं म्हणून आम्हाला जरा जास्तच उमाळा आहे, पण आत मोबाइल नेऊ देत नाहीत. बाहेरूनच नमस्कार करा.

गाय रस्त्यात असते. आता तिला 'पवित्र' म्हणून झालं असेल तर बाजूने निघा, मागे रिक्षा खोळंबलीय.

गरिबांविषयी दोन शब्द. 'यांच्याकडे काहीच नाही, तरी किती आनंदी असतात' हे वाक्य पाठ करून ठेवा, परत गेल्यावर रोज लागेल. परवा गोदौलियाच्या चौकात एक तरुण साधक आपल्या मैत्रिणीला हेच समजावत होता. समोरचा ई-रिक्षावाला खरोखरच हसत होता. का हसत होता? वीस रुपयांच्या अंतराचे याने त्याला तीनशे दिले होते म्हणून. दादा, तुम्ही हात हलवत वळलात ना, त्यानंतर तो पलीकडच्या रिक्षावाल्याला म्हणाला की आजचा भाड्याचा हप्ता सुटला. रिक्षा त्याची नाही. रोजचं भाडं मालकाला मोजावं लागतं, हसू आलं तरी आणि नाही आलं तरी. त्याला 'वर्तमानात जगणारा' म्हणू नका. त्याला उद्याची काळजी तुमच्यापेक्षा शंभरपट आहे, फक्त ती इंग्रजीत सांगता येत नाही.

असो. चिडायचं नाही असं ठरवून बसलोय.

मणिकर्णिकेच्या स्मशानघाटावर एक गृहस्थ आपल्याजवळ येतील. 'फोटो नाही, फक्त बघा' असं म्हणत आपणहून सगळं समजावून सांगतील आणि शेवटी मरणाची वाट बघत बसलेल्या म्हाताऱ्यांच्या लाकडांसाठी किलोच्या भावाने दान मागतील. द्या. त्या म्हाताऱ्यांना त्यातली काडीही मिळणार नाही, पण तुमच्यात आणि त्या गृहस्थात एक साम्य आहे. दुसऱ्याच्या चितेवर दोघांचंही काहीतरी शिजतंय.

हे जरा जास्त झालं का? असेल. आता फोटोविषयी सांगतो म्हणजे कळेल.

माझी आत्या प्राथमिक शाळेत शिकवायची. तिशीच्या आत विधवा झाली. एक मुलगा, त्याला आम्ही सगळे अण्णा म्हणतो, आता तो स्वतःच एकसष्टचा आहे. 'काशीस जावे, नित्य वदावे' अशी आमच्याकडे म्हण आहे. आत्याने जन्मभर त्यातलं वदण्याचं काम चोख केलं. दोनदा तिकीट काढलं, दोनदा रद्द केलं. एकदा अण्णाच्या मुलीची दहावी आली, एकदा स्वतःचंच मोतीबिंदूचं ऑपरेशन. शेवटी तांब्यातून गेली. पुण्याहून ज्ञानगंगा एक्स्प्रेसने. बर्थखाली ठेवायला अण्णा तयार नव्हता, रात्रभर तो तांब्या मांडीवर घेऊन बसला होता.

काशीत ब्रह्माघाटाकडे पिढ्यान्‌पिढ्या राहणारी मराठी घरं आहेत. तिथल्याच एका गुरुजींनी सगळं नीट सांगितलं, उगाच पैसे काढले नाहीत. पहाटे नाव केली. धुकं होतं. थंडीत काशीच्या गंगेवर लांबून पांढरे पक्षी येतात, लोक त्यांना नावेतून शेव टाकतात, त्यामुळे ते नाव दिसली की घोंगावतात. नाव मध्यावर आली. तांब्याच्या तोंडाला लाल फडकं बांधलेलं, त्याची गाठ दवाने आवळली होती. अण्णाची बोटं थंडीने वाकेनात. त्याने ती गाठ दातांनी सोडवली. गुरुजी म्हणाले, "सोडा आता." तो सोडेना. गुरुजी गप्प बसले, नावाड्याने वल्हं थांबवलं. मग अण्णाने तांब्या वाकवला. पक्ष्यांना वाटलं शेवच टाकली, ते पाण्यावर झेपावले, आणि वाऱ्याने थोडी राख अण्णाच्याच स्वेटरच्या बाहीवर येऊन बसली. त्याने ती झटकली नाही. नुसता बघत राहिला.

तेवढ्यात शेजारी दुसरी नाव येऊन खेटली. तीत हत्तींच्या विजारीतल्या एक बाई. मोबाइल वर धरलेला, म्हणजे बराच वेळ धरलेला असणार. छातीवर हात ठेवून म्हणाल्या, "ब्यूटिफुल." मग म्हणाल्या, "सर, वन्स मोअर, प्लीज?" ऊन समोरून आलं होतं म्हणे.

वन्स मोअर. आमच्याकडे हे दोन शब्द संगीत नाटकात ओरडतात.

आणि अण्णाने, ज्याला आयुष्यात कधी कुणाला नाही म्हणता आलं नाही, ज्याला त्या क्षणी ती बाई काय म्हणतेय हेही कळलं नसावं, बहुधा विधीतलंच काहीतरी राहिलंय असं वाटून त्याने तो रिकामा तांब्या उचलला आणि पुन्हा पाण्यावर वाकवला. मी हात धरेपर्यंत होऊनही गेलं होतं. बाईंनी हात जोडले, "नमस्ते" म्हणाल्या, आणि त्यांची नाव पुढच्या घाटाकडे गेली.

मी काही बोललो नाही. गुरुजीही नाही. त्यांनी बहुतेक असं पुष्कळ पाहिलं असावं.

आपले लोक काही कमी नाहीत, हे मला माहीत आहे. पालखी दिवे घाट चढते त्या दिवशी आमच्या पुण्यातून निम्मी गर्दी कॅमेरे घेऊनच जाते. एखाद्या वारकरी म्हातारीच्या सुरकुत्यांवर चार-चार लेन्स लागलेल्या असतात, आणि तिला पाण्याची बाटली कोणी विचारत नाही. मीही एका वर्षी गेलोय. माझ्याकडेही तसल्याच एका म्हातारीचा फोटो आहे, ऑफिसात सगळ्यांनी छान म्हटलं होतं. काशीहून आल्यावर तो उघडून बघितला. ती कॅमेऱ्याकडे बघून हसतेय असं मला इतकी वर्षं वाटत होतं. हसत नाहीये ती. उन्हामुळे डोळे बारीक केलेत.

काशीत राख सोडली त्याच दिवशी दुपारी अण्णाला जरा बरं वाटावं म्हणून सारनाथला नेलं. धामेख स्तूपापाशी श्रीलंकेहून आलेली पन्नासएक माणसं पांढऱ्या कपड्यांत गवतावर बसली होती. तीही परदेशीच. हळू आवाजात काहीतरी म्हणत होती. एका आजोबांनी अण्णाच्या नुकत्याच केस फुटलेल्या डोक्याकडे पाहिलं, सरकून जागा केली, आणि पुन्हा डोळे मिटले. अण्णा तासभर तिथे बसून राहिला. सगळ्या प्रवासात त्याने निवांतपणे टेकलेली ती एकच जागा.

म्हणजे येता येतं. येऊ नका असं कोण म्हणतंय?

पण बाई, तुम्ही काय आणलं होतं सोबत? मोबाइल. आणि काय नेलंत? माझ्या आत्याची राख. तुमच्या गावी कोणाचं दफन चाललं असताना मी धोतर नेसून तिथे उभा राहिलो आणि म्हणालो, जरा ती पेटी वर घ्या आणि पुन्हा सोडा, मघाशी माझी सावली आली, तर काय कराल? पोलीस बोलवाल. आणि बरोबर कराल. इथे मात्र सगळं चालतं, कारण इथे सगळं 'अध्यात्म' आहे. मेलेलं माणूस अध्यात्म, रडणारं माणूस अध्यात्म, मळका साधू अध्यात्म, उघडं गटारसुद्धा अध्यात्म. इथे घर कोणाचंच नाही, आई कोणाचीच नाही. सगळा तुझ्या एकटीसाठी लावलेला सेट आहे आणि आम्ही त्यातली गर्दी.

तो सेट नव्हता. ती गोदाक्का होती. तिला बेचाळीसपर्यंतचे पाढे उलटे येत होते. ती पोरांच्या कानाला धरायची आणि मग त्याच पोरांच्या दप्तरात गुपचूप शेंगदाण्याचा लाडू टाकायची. तिला स्वतःचा फोटो काढलेला अजिबात आवडायचा नाही. लग्नाच्या अल्बममध्येसुद्धा पदर तोंडाशी.

विचारायचं होतंस. एवढंच करायचं होतं. किंवा विचारायचंही नव्हतं, नुसता तो हात खाली घ्यायचा होता आणि तोंड दुसरीकडे करायचं होतं. त्याला ना गुरू लागतो, ना दोनशे तास. माझ्या चार वर्षांच्या भाचीला ते कळतं.

तुझ्या मोबाइलमध्ये ते दोन फोटो असतील. दुसऱ्यात ऊन चांगलं आलं असेल, आणि नीट मोठा करून बघितलास तर तांब्या रिकामा दिसेल. दोन्ही पुसून टाक. पहिला आधी.