फुटबॉलच्या पैशावरचा तलाव

ऑलिंपिक आलं की घरच्या ग्रुपवर तोच वाद निघतो. पॅरिसला कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळेनं ब्राँझ घेतलं तेव्हा मामांनी लिहिलं, "पोरगा रेल्वेची नोकरी सांभाळून नेम धरतो. अमेरिकेत कॉलेजंच खेळाडू घडवतात. आपली विद्यापीठं का नाही?"

मामांचं म्हणणं रास्त आहे, पण मी अमेरिकेतल्या आयोवा सिटीत राहते आणि ते घडवणं जवळून बघते. पाऊण लाख वस्तीचं हे गाव. विद्यापीठाच्या किनिक स्टेडियममध्ये ६९ हजार माणसं बसतात. अमेरिकन फुटबॉलच्या (हातात चेंडू घेऊन धडका देत खेळतात, तो) सामन्याच्या शनिवारी सकाळपासून पार्किंगमध्ये शेगड्या पेटतात. पहिला क्वार्टर, म्हणजे सामन्याचा पहिला पाव भाग, संपला की सगळं स्टेडियम समोरच्या मुलांच्या हॉस्पिटलकडे वळतं आणि हात हलवतं. पाहुणा संघसुद्धा. वरच्या मजल्यावर काचेला चिकटून उभी असलेली आजारी मुलं उलट हात हलवतात. सामना रात्रीचा असला तर इकडून मोबाइलचे दिवे, तिकडून टॉर्च. २०१७ पासूनची ही प्रथा. दर वेळी माझे डोळे भरतात. कॉलेज साऱ्या गावाचं असणं म्हणजे काय, ते तिथं कळतं. पुरुषोत्तम करंडकाला भरत नाट्य मंदिरात "अरे आव्वाज कुणाचा!" ओरडलेल्या कुणालाही ते लगेच ओळखू येईल.

पण २०२० साली कोविडमुळे फुटबॉलचा हंगाम पुढे ढकलला, बाकीचे खेळ ज्यावर चालतात तो तिकिटांचा-टीव्हीचा पैसा आटला, आणि ऑगस्टमध्येच याच विद्यापीठानं पुरुषांचं पोहणं, टेनिस, जिम्नॅस्टिक्स बंद करायचं ठरवलं. पोहण्याचा बटरफ्लाय प्रकार ज्याच्या तलावात आकाराला आला, ते हे विद्यापीठ! मुलींचं पोहणंही जाणार होतं. त्या कोर्टात गेल्या; मुलामुलींना समान संधी देणारा १९७२ चा कायदा पाठीशी होता, म्हणून ते वाचलं.

आता तर २०२५ पासून विद्यापीठं खेळाडूंना उत्पन्नातला थेट वाटा देऊ शकतात, वर्षाला सुमारे दोन कोटी डॉलरपर्यंत. फुटबॉलवाली पोरं हाडं मोडून घेतात, तो त्यांचा हक्कच आहे. पण बहुतेक पैसा तिकडेच जाणार, मग जलतरणाला उरणार काय?

म्हणून मामा, एका खेळाच्या गल्ल्यावर बाकीचे खेळ जगवायची ही रीत आपल्याकडे नको. क्रिकेटपुढे बाकीच्यांचे हाल आपण पाहतोच आहोत. प्रशिक्षकाचा पगार आणि तलावाची देखभाल विद्यापीठाच्या अर्थसंकल्पात मागा, प्रयोगशाळेसाठी मागतो तशी. आणि कॉलेजचं मैदान लग्नाला भाड्यानं देणं आधी थांबवा.