‘एनटीला महाराष्ट्राबाहेर काही नाही’ म्हणणाऱ्या मेसेजचं काय करायचं?

परवा रात्री साडेदहाला देगलूरहून भाचीचा फोन. “मामा, सीयूईटीचा फॉर्म ओपनमधून भरला. आपली कॅटेगरी बाहेर चालत नाही म्हणं.” कुणी सांगितलं? तर दाजींच्या मोबाइलवर आलेला, ‘अनेकदा फॉरवर्ड केलेला’ मेसेज. तिला सीयूईटीतून, म्हणजे केंद्रीय विद्यापीठांच्या सामाईक प्रवेश परीक्षेतून, हैदराबाद विद्यापीठात पाच वर्षांच्या एकात्मिक एम.ए.ला जायचंय. मेसेज म्हणतो: बाहेरच्या राज्यातल्यांना 15 टक्केच जागा, फी तिप्पट, एनटीला (भटक्या जमातींना) तिकडे प्रवर्गच नाही, आणि एकदा बाहेर शिकलं की महाराष्ट्राचं डोमिसाईल रद्द.

एनटीचं आधी बोलतो, कारण नुकसान तिथंच होतंय. केंद्रात ‘एनटी’ नावाचा रकाना नाही, एवढं बरोबर. म्हणून ओपनमध्ये जा? अहो, भज-क (धनगर) आणि भज-ड (वंजारी) ही महाराष्ट्राची भटक्या जमातींची वाटणी आहे, 3.5 आणि 2 टक्क्यांची. केंद्राने ती केलीच नाही. राष्ट्रीय मागासवर्ग आयोगाच्या संकेतस्थळावर राज्यवार केंद्रीय यादी आहे. त्यात महाराष्ट्राचं पान उघडा, धनगर आहेत, वंजारीही आहेत, ओबीसी म्हणून. आणि केंद्रीय शिक्षण संस्थांत ओबीसीला 27 टक्के जागा 2006 च्या कायद्याने दिल्यात. म्हणजे साडेतीनातून सत्ताविसात जायचं सोडून पोरीला ओपनमध्ये ढकलायलेत, तेही ‘समाजहितार्थ’ असं खाली लिहून! बाकीच्या भटक्या जातींनी आपलं नाव त्या यादीत स्वतः बघावं. सरसकट सगळ्यांचं मी सांगणार नाही.

अडचण खरी आहे ती कागदाची. भाचीकडे राज्याचं जातीचं प्रमाणपत्र आणि नॉन-क्रिमिलेयर आहे. ते तिकडे चालत नाही. केंद्राच्या नमुन्यातलं ओबीसी-एनसीएल (ओबीसी नॉन-क्रिमिलेयर) प्रमाणपत्र वेगळं काढावं लागतं, तहसीलमधूनच. आपलं नॉन-क्रिमिलेयर तीन वर्षांपर्यंतचं मिळतं. केंद्रीय विद्यापीठं बहुधा चालू आर्थिक वर्षातलं, म्हणजे 1 एप्रिलनंतरचं मागतात. सेतूत अर्ज देताना ‘केंद्र शासनासाठी’ असं स्पष्ट सांगा, नाहीतर पुन्हा राज्याचंच हातात पडतं. (मोठ्या पुतण्याच्या वेळी पडलं होतं. दोन आठवडे गेले.) नॉन-क्रिमिलेयरसाठीच्या आठ लाखांच्या उत्पन्नमर्यादेच्या मोजणीत शेतीचं उत्पन्न आणि पगार धरत नाहीत, हेही दाजींना सांगून ठेवलंय.

15 टक्के? हे अर्धं कुठूनतरी ऐकलेलं दिसतं. तेलंगणाच्या स्वतःच्या विद्यापीठांत, उस्मानियात वगैरे, 85 टक्के जागा स्थानिकांना राखीव आहेत, आणि दुसऱ्या राज्याच्या विद्यापीठात आपली जात त्यांच्या यादीत मोजत नाहीत. मान्य. पण हैदराबाद विद्यापीठ संसदेच्या कायद्याने 1974 साली झालेलं केंद्रीय विद्यापीठ आहे, तिथं असा स्थानिक कोटा नाही. त्याच गावात दोन विद्यापीठं, दोन नियम. आमच्या आजोबांना ही भानगडच नव्हती. ते उस्मानियात उर्दूतून शिकले, तेव्हा नांदेड हैदराबाद संस्थानातच होतं. आजही देगलूरहून पुण्यापेक्षा हैदराबाद कितीतरी जवळ आहे.

तिप्पट फी: साफ खोटं. केंद्रीय विद्यापीठात भारतीय विद्यार्थ्यांना राज्यावरून वेगळी फी नसते.

आणि डोमिसाईल. हे वाचून अक्का रडायलाच लागली होती. अधिवासाचा दाखला महाराष्ट्रात 15 वर्षं राहिल्याच्या पुराव्यावर मिळतो. पोरगी वसतिगृहात गेली म्हणून तो कुणी फाडत नाही. गोंधळ झालाय तो मेडिकलचा. राज्याच्या 85 टक्के कोट्यातून एमबीबीएसला दहावी-बारावी महाराष्ट्रातूनच लागते, म्हणून अकरावीलाच राजस्थानातल्या कोटा शहरात नाहीतर हैदराबादला गेलेली लेकरं अडकतात. बारावी देगलूरला करून पदवीला बाहेर जाणाऱ्याचा त्याच्याशी काय संबंध? हो, एक तोटा आहे: 2024-25 पासूनची मुलींची व्यावसायिक अभ्यासक्रमांची फीमाफी राज्यातल्याच कॉलेजांना लागू आहे. तो हिशेब घरात बसून करावा. तेवढंच तर कुणी फॉरवर्ड केलं नाही.

फॉर्ममधली दुरुस्ती अजून चालू आहे. काल भाचीने ओपन काढून ओबीसी-एनसीएल केलं आणि सकाळी दाजी सातबारा, शाळा सोडल्याचा दाखला घेऊन तहसीलला गेले. दुपारी त्यांचा फोन आला, “खिडकीवरचा पोरगा विचारायलाय, केंद्राचं का राज्याचं?”

“केंद्राचं म्हणा दाजी. दोनदा म्हणा.”