थोडा त्रास हुईल

कोल्हापूरच्या शिवाजी पेठेत दोन घरांच्या मधे बऱ्याचदा भिंत एकच असते. तिचे मालक दोन आणि मतं तीन. त्यामुळं कुणी घर बांधायला काढलं की खर्च त्याचा आणि धूळ गल्लीची, ही वाटणी ठरलेलीच.

आमच्या शेजारच्या आप्पांनी जुनं बैठं घर पाडून दुमजली बांधायचं ठरवलं, तेव्हा ते रीतसर पेढे घेऊन आले. पेढे आत्तींच्या, म्हणजे माझ्या सासूबाईंच्या हातात दिले आणि माझ्याकडं बघून म्हणाले, "सूनबाई, थोडा त्रास हुईल बरं का." मी तोंड उघडायच्या आत आत्ती म्हणाल्या, "त्रास कसला आलाय? घर काय रोज बांधतंय व्हय कुणी?" परवानगी देऊन झाली. मला एक पेढा मिळाला.

गुरुजींनी मुहूर्त काढला तो नेमका चटणीच्या हंगामात. कोल्हापुरात उन्हाळ्यात वर्षाची चटणी करून ठेवतात. तांबड्या रश्श्यापासून मटकीच्या उसळीपर्यंत सगळं त्या एका बरणीच्या जिवावर चालतं. रंगाला ब्याडगी, तिखटाला संकेश्वरी. मी गच्चीवर जुनी लुगडी अंथरून मिरच्या वाळत घातल्या आणि देठं खुडत बसले. खाली आप्पांच्या घराची कौलं उतरून झाली होती. मिस्त्रीनं नारळ फोडला, उदबत्ती लावली आणि पांढऱ्या मातीच्या भिंतीत पहिली पहार घातली.

दोन हात रुंदीची ती भिंत पडताना आवाज फारसा झाला नाही. धप्प, एवढंच. मग ती उठली. आप्पांच्या पणजोबांनी कालवलेली माती सावकाश वर आली, आमच्या गच्चीवर थोडा वेळ रेंगाळली आणि मिरच्यांवर बसली.

वाळलेल्या मिरचीला किती सुरकुत्या असतात, हे ती पुसायला घेतल्याशिवाय कळत नाही. झटकावी तर फुटते आणि बी सांडतं. ओलं फडकं फिरवावं तर दमट होते, आणि दमट मिरचीला बुरशी धरते. शेवटी नाकाला पदर बांधून, कोरडं फडकं घेऊन, एकेक मिरची पुसायला बसले. बोटाच्या टोकाला फडकं गुंडाळून सुरकुतीतून फिरवायचं, उलटी करायची, परत फिरवायचं, की देठाजवळच्या वळीत अजून थोडी माती असतेच. शिंका मातीच्या येत होत्या की मिरचीच्या, ते कळेना. खालून आप्पा ओरडले, "सूनबाई, सर्दी झालीया वाटतं. काढा घ्या की!"

संध्याकाळी मी तावातावानं त्यांच्या भाड्याच्या खोलीवर गेले. आप्पांनी सगळं ऐकून घेतलं, मिस्त्रीला माझ्यादेखत चार शब्द सुनावले आणि म्हणाले, "चुकलंच. बोलायला जागाच न्हाई." रात्री आप्पांच्या घरातून काकी डबा घेऊन आल्या. पांढरा रस्सा. वर खसखशीची साय, आत खोबऱ्याचं दूध, आणि मिठाचं प्रमाण असं, की मिरचीचा विषय काढायची कुणाची छाती होईना. ह्यांनी तर दुसऱ्या वाटीनंतर "तशी धूळ आपल्याकडं आधीपण असायचीच" असं म्हणून टाकलं.

तिथून पुढं सगळ्या तक्रारींचा निकाल याच पद्धतीनं लागला. गटारीत वाळू जाऊन आमची मोरी तुंबली, तेव्हा सुकं मटण आलं. विटांचा ट्रक वळताना आमच्या पायरीचा कोपरा घेऊन गेला, तेव्हा तांबडा. एकदा मी मुद्दाम सोमवार बघून भांडायला गेले. आमचा उपास असतो, रस्सा येणार नाही अशी खात्री होती. शाबूची खिचडी आली, सोबत दह्यातली काकडी.

मिस्त्रीचं नाव मी सांगत नाही. त्याला या पेठेत अजून घरं बांधायची आहेत आणि आम्हाला इथंच राहायचंय. माणूस कामाला पक्का. ओळंब्यावर एक डोळा आणि मोबाईलवर दुसरा ठेवून कोपरा काटकोनात काढायचा. मात्र आमच्या बाजूला काय पडतं, याच्याशी त्याचा व्यवहार एकाच वाक्यापुरता होता : "काय टेन्शन घिऊ नका वैनी, उद्यापास्नं प्लास्टिक अंथरूनच काम करतो." प्लास्टिक खरंच आलं. निळं, चांगलं जाड. ते सिमेंटच्या पोत्यांवर घातलं, कारण वळीव कधीही येईल.

गल्ली अरुंद, दिवसा दुचाक्या लागलेल्या, त्यामुळं ट्रक यायचे ते पहाटे. आमचा मुलगा सिव्हिलच्या दुसऱ्या वर्षाला आहे, म्हणजे ज्ञान भरपूर आणि ऐकायला फक्त आम्ही. त्यानं सांगितलं की ध्वनिप्रदूषणाचे नियम २००० सालापासून आहेत. राहत्या वस्तीत दिवसा ५५ डेसिबल, आणि रात्री १० ते सकाळी ६ पर्यंत ४५. त्यानं मोबाईलवर आवाज मोजायचं ॲप घेतलं. जुना जोता फोडायला ब्रेकर लागला तेव्हा काटा थेट लाल पट्ट्यात गेला. मग आमचे हे त्याचा मोबाईल घेऊन तिथंच आप्पांच्यापुढं उभे राहिले आणि नियम समजावून सांगू लागले. आप्पांनी कानामागं हात धरला आणि ओरडले, "काय म्हंताय? ह्या आवाजात काय ऐकूच येईना बगा!"

स्लॅबच्या दिवशी गल्लीत जत्रा होती. मिक्सर, लिफ्ट, घमेली आणि कामगारांना जेवण. स्लॅब पडला की मटण द्यायचं, यात आपल्याकडं तडजोड नाही. आम्हालाही बोलावणं होतं, म्हणजे दिवस आधीच कळला होता, म्हणून मी आदल्या रात्रीच स्कूटर लांब लावली होती. पण लांब म्हणजे जिथं लावली, तिथंच दुसऱ्या दिवशी लिफ्ट उभी केली. संध्याकाळी स्कूटरवर सिमेंटचे राखाडी थेंब वाळून घट्ट झाले होते. नाण्यानं खरवडले तर रंग निघतो. मुलानं तोडगा काढला : सिमेंट अल्कधर्मी, त्याला आम्ल पाहिजे, म्हणजे व्हिनेगर. व्हिनेगरमध्ये भिजवलेली फडकी मी स्कूटरला गुंडाळून ठेवली. थेंब खरंच मऊ होऊन निघत होते. आत्ती दारात आल्या, वास घेतला आणि म्हणाल्या, "गाडीचं लोणचं घालतीस व्हय गं?"

मग पाणी मारणं सुरू झालं. साध्या सिमेंटच्या काँक्रीटला निदान सात दिवस पाणी मारावं असं पुस्तकात आहे, असं मुलगा म्हणाला. मिस्त्री म्हणाला, "पुस्तकातलं घर न्हवं हे. एकवीस दिवस." स्लॅबवर मातीची आळी करून पाणी भरून ठेवलं. ते स्लॅबनं किती प्यायलं माहीत नाही, आमच्या भिंतीनं मात्र पोटभर प्यायलं. कपाटामागं हात लावला तर भिंत गार लागायची. कॅलेंडरच्या मागं पोपडे सुटले आणि गुरुवार-शुक्रवार भिंतीलाच चिकटले. काळम्मावाडी धरणातून शहरापर्यंत थेट पाईपलाईन यायला काय काय झालं ते सगळ्यांनी बघितलंय. पण शहरात आलेलं पाणी थेट माझ्या झोपायच्या खोलीत कसं आणायचं, हे आप्पांच्या मिस्त्रीला कुठल्याही योजनेशिवाय जमलं.

आणि एके सकाळी चीर दिसली. सामायिक भिंतीत, कोनाड्याच्या कोपऱ्यापासून वर तिरकी गेलेली. पायासाठी खणताना आधार ढिला झाला असणार, असं मुलगा म्हणाला आणि त्याचा चेहरा उजळला. चीर हलते का बघायची एक जुनी रीत आहे. काचेची बारीक पट्टी चिरेवर आडवी धरायची, दोन्ही टोकांना प्लास्टर लावायचं आणि शेजारी तारीख लिहायची. चीर वाढली की काच तडकते. कोर्टातसुद्धा सांगता येईल असा पुरावा!

काच बसली आणि घराचं सगळं लक्ष तिकडं लागलं. उठल्यावर चहाआधी काच. झोपताना दिवा मालवण्याआधी काच. पाहुणे आले की त्यांनाही आत नेऊन दाखवायची. ब्रेकर चालू असताना मांडणीवरची ताटं खाली आली, देवघरातली घंटा आपोआप वाजली, काच मात्र तशीच. ती शाबूत राहिल्याचा आनंद घरात कुणालाही झाला नाही.

शेवटी आप्पा आणि मिस्त्री चीर बघायला आले. मिस्त्रीनं नखानं चिरेतली धूळ उकरली, फुंकर मारली आणि म्हणाला, "जुनी हाय." मी म्हटलं, शक्यच नाही. तेवढ्यात आमचा एकुलता एक साक्षीदार फुटला. आत्ती म्हणाल्या, "जुनीच हाय की. मी लगीन होऊन आले तवा माझ्या सासूनं दाखिवली हुती. कोयनेच्या भूकंपात पडलीया." म्हणजे ११ डिसेंबर १९६७. आप्पांनी आत्तींना हात जोडले. मुलानं काच काढायला घेतली आणि ती काढतानाच फुटली.

त्या दिवशी डबा आला नाही. निकाल विरुद्ध गेला की डबा नाही, हेही रीतसरच म्हणायचं.

उजेडाचं प्रकरण त्याहून नाजूक. माझ्या वरच्या स्वयंपाकघराला पश्चिमेला एक खिडकी, आणि तिच्यातून आप्पांच्या कौलांवरून संध्याकाळचं ऊन थेट कट्ट्यावर यायचं. आता खिडकीपासून हातभर अंतरावर त्यांची विटांची भिंत. आता कोल्हापुरात उन्हाच्या अडथळ्याबद्दल तक्रार करावी तरी कुठल्या तोंडानं? अंबाबाईच्या किरणोत्सवाला महाद्वार रस्त्यावरच्या इमारती आडव्या येतात. नोव्हेंबरमध्ये आणि जानेवारीच्या शेवटाला सगळं गाव मावळतीकडं डोळे लावून बसतं, की किरणं चरणांपर्यंत तरी पोचतात का, पुढं मुखापर्यंत जातात का. जिथं देवीची ही गत, तिथं माझ्या कुकरला कोण विचारतो? आमच्याकडं ऊन आता फरशीवर चरणस्पर्श करून परत जातं.

तरी मुलानं कायदा शोधलाच. १८८२ चा सुविधाधिकार कायदा : सलग वीस वर्षं बिनतक्रार उजेड घेत आला असाल, तर तो तुमचा हक्क होतो. हे मी आप्पांना बऱ्याच आदरानं सांगितलं. त्यांनी शांतपणे विचारलं, "म्हंजे वीस वर्सं माझ्या कौलांवरनं उजेड फुकट वापरला न्हवं तुमी?" मला उत्तर सुचलं नाही. अजूनही सुचलेलं नाही.

खरमातीचं मात्र मी सोडलं नाही. पाडकामाचा ढीग आमच्या मागच्या बोळात तोंडापर्यंत रचला होता; विटांचे तुकडे, फुटकी कौलं, आणि त्यात आप्पांचं एक जुनं संडासाचं भांडं, उताणं. बांधकामाच्या कचऱ्याचेही नियम आहेत. ज्याचा कचरा त्यानंच तो आपल्या हद्दीत ठेवायचा आणि ठरल्या जागी पोचवायचा. मिस्त्रीचा नियम वेगळा : "ट्रॉली उद्या येती." त्यावर मी काहीच बोलले नाही. फक्त आप्पांच्या व्याह्यांची गाडी दारात थांबली, तेव्हा त्यांना घराचं काम दाखवायला मागच्या बोळातून नेलं. व्याही त्या भांड्यासमोर थांबले. ट्रॉली त्याच संध्याकाळी आली.

वास्तुशांतीला आम्ही सगळे गेलो. घर खरंच छान झालंय. हवेशीर, पायऱ्या एकसारख्या, आणि फरशी अशी की आत्ती चपला काढून तिथंच उभ्या राहिल्या. आमच्या भिंतीची चीरही मिस्त्रीनं भरून दिली. रंग मात्र आप्पांच्या घराचा उरलेला वापरला, त्यामुळं आमच्या पिवळ्या भिंतीवर आता पिस्ता रंगाची तिरकी रेघ आहे. आप्पा ती पाहुण्यांना "दोन्ही घरं म्याचिंग" म्हणून सांगत होते.

जेवण झाल्यावर काकींनी गच्ची दाखवायला वर नेलं. तिथं प्रत्येक कॉलमच्या डोक्यातून सळया वर आलेल्या, छातीइतक्या उंच.

"आप्पा, ह्या कापायच्या राहिल्या वाटतं?"

"कापायच्या कशाला? थोरल्याचं लगीन झालं की वरचा मजला घ्यायचाय."

मागं मिस्त्री बुंदीची वाटी हातात घेऊन उभा होता. म्हणाला, "टेन्शन घिऊ नका वैनी, त्या टायमाला प्लास्टिक अंथरूनच करतो."