आमच्या शेताचा रंग

पूर्वी बेळगावात नवा माणूस भेटला की "गाव कुठलं तुमचं?" असं विचारायचे. आता "झोन कुठला?" विचारतात, म्हणजे सरकारी नकाशात तुमच्या जमिनीला रंग कुठला. मुलीचे वडील तर हे आधी विचारतात, मुलाच्या पगाराकडं मागाहून वळतात.

आमचं शेत शहराच्या दक्षिणेला, येळ्ळूर रस्त्याकडं. आजोबांच्या काळी तिथं बासमती पिकायचा आणि त्याचा वास म्हणे वडगावच्या वेशीपर्यंत यायचा. आता नाल्याचा येतो. थोरले काका अजून तो बासमतीचाच समजतात. या शेताच्या कोपऱ्यात तीन गुंठ्यांत घर बांधायचं, असं बायकोनं ठरवलं. गुंठा म्हणजे 33 फूट बाय 33 फूट, 1089 चौरस फूट. अशा तीन गुंठ्यांत तिनं तुळशीवृंदावन, झोपाळा आणि माझ्या आईच्या खोलीपासून पुरेसं लांब स्वयंपाकघर असं सगळं बसवलं. मला फक्त परवानगी आणायची होती.

"परवानगी कशाला?" शेजारचे आप्पा म्हणाले. आप्पांनी शंभराच्या बाँडवर प्लॉट घेऊन त्यावर तीन मजले चढवलेत. लाइट आहे, नळ आहे, रेशनकार्डावर पत्ताही तोच आहे. "बांधून टाक की रे. बांधल्यावर कोण पाडूलाय?" आप्पांची सगळी भिस्त 'अक्रम-सक्रम'वर. नियम मोडून बांधलेलं दंड घेऊन नियमात बसवायची ही कर्नाटक सरकारची योजना. राहत्या घराला 50 टक्क्यांपर्यंत आणि दुकानाला 25 टक्क्यांपर्यंत नियमभंग माफ. 2017 च्या जानेवारीत सुप्रीम कोर्टानं तिला स्थगिती दिली. ही बातमी आली तेव्हा आप्पांचा दुसरा मजला चालू होता. "स्थगिती योजनेला आहे, मला नव्हे," असं म्हणून त्यांनी तिसरा स्लॅब टाकला.

चंदगडचा मेहुणा फोनवरून सल्ला देतो. "गुंठेवारीत बसवून घ्या की, भावोजी!" त्याचं बरोबर आहे. महाराष्ट्रात 2001 सालापासून गुंठेवारीचा, म्हणजे गुंठ्या-गुंठ्यानं विकलेले प्लॉट नियमात बसवायचा कायदा आहे. पण तो शिनोळीच्या, म्हणजे महाराष्ट्राच्या हद्दीच्या, अलीकडं येत नाही. सीमाप्रश्नावर इतकी आंदोलनं झाली, पण माझ्या मेहुण्याला सीमा नेमकी कुठं आहे ते माझ्या तीन गुंठ्यांनी समजलं.

म्हणून मी सरळ मार्गानं निघालो आणि नकाशाच्या कचेरीत गेलो. कचेरीचं नाव घेत नाही, अजून काम व्हायचंय.

भिंतीवर मास्टर प्लॅन होता. म्हणजे शहराचा विकास आराखडा; जुनी माणसं त्याला अजून सीडीपीच म्हणतात. 1961 च्या नगर आणि ग्राम नियोजन कायद्यानं शहराला आणि भोवतालच्या गावांना रंग दिलेत. पिवळा राहायला, निळा धंद्याला, जांभळा कारखान्याला, तांबडा शाळा-दवाखान्यांना आणि हिरवा बागांना नि शेतीला. ज्या रंगात जमीन, तोच तिचा उद्योग. कारकुनानं सर्व्हे नंबर विचारला, पट्टी लावली, बोट फिरवलं आणि एका जागी थांबवलं. पिवळा जिथं संपतो आणि हिरवा जिथं सुरू होतो, ती काळी रेघ आमच्या शेतातून जात होती.

"म्हणजे आमचं घर कुठल्या बाजूला?" मी विचारलं.

"रेघेवर."

आधी मला तो विनोद वाटला. मग मी हिशेब केला. नकाशा 1:10000 चा असेल, तर एक मिलिमीटर रेघ म्हणजे जमिनीवर दहा मीटर. दहा मीटर म्हणजे 33 फूट, गुंठ्याची अख्खी एक बाजू! कुणीतरी पेन जरा दाबून धरला आणि आमचं स्वयंपाकघर त्या शाईखाली गेलं. घरी सांगितलं तर बायकोनं एवढंच विचारलं, "देवघर तरी यलोत आहे ना?"

खरी गंमत शेतात उभं राहिल्यावर कळते. नकाशात पिवळी असलेली आमची बाजू म्हणजे पावसाळ्यात गुडघाभर पाण्याचं भाताचं खाचर, आणि हिरव्या बाजूला आप्पांचे तीन मजले. त्यांच्या पलीकडं अशीच आळीच्या आळी, सगळी शेतजमीन. त्या शेतजमिनीत दोन सलून, एक मंगल कार्यालय आणि नीटच्या क्लासची पाटी आहे.

रेघेचं काय करायचं ते साहेब सांगणार होते. "साहेब्रु मीटिंगिग होग्यार, नाळे बर्री," कारकून कन्नडात म्हणाला. साहेब मीटिंगला गेलेत, उद्या या. दुसऱ्या दिवशीही मीटिंगच. मग डिसेंबर आला. 2012 साली हलग्याजवळ सुवर्ण विधानसौध झाल्यापासून अधिवेशन तिथं भरलं की निम्मी कचेरी बंदोबस्ताला आणि निम्मी पाहुणचाराला असते. मंत्र्यांना कुंदा पोचवायचा की माझी रेघ बघायची? मी साहेबांच्या जागी असतो तर मीही कुंदाच पोचवला असता. अधिवेशन उठल्यावर साहेबांनी चष्मा कपाळावर सरकवून नकाशा पाहिला आणि म्हणाले, "रेघ यलोत धरूया." असे साहेब अजून आहेत.

आता शेताचं बिनशेती, म्हणजे एन.ए. करायचं. त्यासाठी उतारा आपल्या एकट्याच्या नावावर पाहिजे. आमच्यावर काका, बाबा, धाकटे काका यांची नावं एकत्र. वेगळं काढायला मोजणी आणि अकरा-ई स्केच, म्हणजे वेगळ्या काढलेल्या तुकड्याचा मोजणी-नकाशा. मोजणीदार आला तेव्हा बांधावरचा दगड सापडेना. थोरल्या काकांनी तो जागा दाखवून सापडवला, आणि तो त्यांच्या बाजूला दोन हात जास्त जागा घेऊनच सापडला. त्यात आत्याची सही. 2005 च्या दुरुस्तीनंतर मुलीचा वाटा मुलाइतकाच, आणि निपाणीला बसून आत्या तो कायदा कलमासकट सांगते. "सही करते रे बाळा. पण मला माहेरची एक खोली ठेव." रेघेखालची खोली मी आनंदानं देऊ केली.

इंजिनिअरनं विचारलं, "कुठला प्लॅन काढू? सँक्शनचा की बांधायचा?"

"दोन असतात?"

तो माझ्याकडं दयेनं बघत राहिला. सँक्शनच्या प्लॅनमध्ये पुढं सोडायचं, मागं सोडायचं, दोन्ही बाजूंना सोडायचं, आणि खाली पार्किंग दाखवायचं. बांधायच्या प्लॅनमध्ये त्या पार्किंगला शटर असतं आणि शटरवर झेरॉक्सची पाटी. सगळं सोडून झाल्यावर बायकोच्या झोपाळ्याला एवढीच जागा उरली की तो हलवता येणार नाही. "हलवायचाय कशाला? बसायचाच आहे," इंजिनिअर म्हणाला. हा माणूस पुढं जाणार.

शेवटी जिल्हाधिकाऱ्यांकडं अर्ज गेला. तिथं मला आयुष्यात पहिल्यांदा कायदा आवडला. 1964 च्या भूमहसूल कायद्याच्या कलम 95 मध्ये तेव्हा म्हटलं होतं, की अर्ज मिळाल्यापासून चार महिन्यांत निर्णय कळवला नाही, तर परवानगी दिली असंच मानायचं. म्हणजे सरकार गप्प बसलं की होकार! लग्न ठरवताना मुलीकडचे असंच करतात. मी जिल्हाधिकाऱ्यांनी काही बोलू नये म्हणून नवस बोललो. पोस्टमन दारावरून गेला की छाती धडधडायची. चार महिने सरले, कोणी चकार शब्द काढला नाही. घरात पुरणपोळी झाली.

आनंदानं बँकेत गेलो. मॅनेजरांनी फाइल दोनदा चाळली. "एन.ए.ची ऑर्डर कुठाय?"

"ते काही बोलले नाहीत."

"बरं. मग काही बोलले नाहीत, याची सर्टिफाइड कॉपी द्या."

मी परत कचेरीत. गप्प बसल्याचं पत्र मागितलं तर कारकून गोंधळला. पत्र दिलं तर गप्प बसलो कसं, हा त्याचा मुद्दा अगदीच वाईट नव्हता. वकील म्हणाले, "असा निकाल हायकोर्टाकडूनच घ्यावा लागेल. धारवाड बेंचला रिट घालूया."

रात्री आत्याला फोन करून सगळं सांगितलं. ती शांतपणे ऐकत होती. मग म्हणाली, "धारवाडला जाऊलास तर पेढे घेऊन ये अर्धा किलो. आणि तारीख मिळाली नाही तरी आण."