पांझरेत मांगूर सोडायला निघालेल्यांसाठी

‘रानपिंगळा हे छोटं घुबड शंभर वर्षांनी आपोआप परत आलं, तसे नदीतले मासेही येतील. संशोधनावर पैसा वाया घालवू नका. वर्गणी काढा, मांगूर आणि महाशीरचं बीज पांझरेत, गिरणेत, तापीत सोडा. मांगूर घाण खाऊन नदीही साफ करतो.’

हा मजकूर खानदेशातल्या ग्रुपांवर फिरतोय. सोडून दिलं असतं, पण साक्रीकडच्या भाच्याने वर्गणीसाठी मलाच फोन केला. वर म्हणतो, ‘मामा, मासा सोडाले पदवी लागस का?’

पदवी नको रे, पण मासा कोणता ते तरी बघ! स्वस्तात जे बीज गळ्यात मारतात ते बहुतेक वेळा आफ्रिकन मांगूरचं असतं, आणि त्याच्या पालनावर केंद्राने 2000 सालीच बंदी घातली आहे. घाण खातो म्हणे. खातो की, कत्तलखान्याचा कचरा टाकूनच त्याला पोसतात. पण गटारातून येणारा साबण आणि केमिकल तो कुठून खाणार? कचरा नसेल तेव्हा लहान मासे, अंडी, बेडूक, जे तोंडापुढे येईल ते गिळतो. उन्हाळ्यात पांझरेचे डोह आटतात, पाण्यातला प्राणवायू घटतो, बाकीची मासळी तडफडते. हा मात्र वर तोंड काढून हवेतून श्वास घेतो. मग डोहात शेवटी कोण उरणार, ते सांगायला नको. आपला देशी मांगूर तर आययूसीएन या जागतिक निसर्गसंवर्धन संघटनेच्या यादीत आधीच धोक्यात आहे. आणि एकदा सोडलेला मागे घेता येत नाही. एक पूर आला की हा तापीत, तिथून उकाई धरणात.

महाशीर? तो निदान आपला आहे, एवढं मान्य. पण कावेरीचं काय झालं ते वाचा. लोणावळ्याच्या हॅचरीतलं निळ्या परांच्या महाशीरचं बीज तिथे सोडत गेले. तो फोफावला आणि कावेरीचा मूळचा, कुबड असलेला महाशीर हटत गेला. त्याला शास्त्रीय नाव मिळालं 2018 साली, तोवर तो नामशेष व्हायच्या उंबरठ्यावर होता. चांगल्या हेतूनेच झालं सगळं.

आता रानपिंगळा. शास्त्रज्ञ वर्षानुवर्षं चुकीच्या जागी शोधत होते, हे खरं आहे. कारण माइनर्ट्झहागेन नावाच्या इंग्रज अधिकाऱ्याने संग्रहालयातला जुना नमुना चोरून त्यावर ‘1914, मांडवी, गुजरात’ अशी खोटी चिठ्ठी लावली होती. पामेला रासमुसेन या पक्षिशास्त्रज्ञ बाईंनी त्या नमुन्याचा एक्स-रे काढला. आतलं भरण खानदेशात पक्ष्यांचे नमुने जमवणाऱ्या जेम्स डेव्हिडसनच्या पद्धतीचं निघालं, म्हणजे पक्षी 1880च्या दशकात आपल्या खानदेशात मारलेला. मग खऱ्या नमुन्यांच्या नोंदी धरून शोध घेतला आणि नोव्हेंबर 1997 मध्ये शहाद्याजवळ रानपिंगळा दिसला. याला आपोआप म्हणतात? पुढे तो मेळघाटात आणि पार ठाण्याच्या तानसा अभयारण्यातही नोंदला गेला, कारण काय पाहायचं आणि कोणता आवाज ऐकायचा, हे तोवर कळलं होतं.